मोठे काम झाकून राहते का?

मंडळी, चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, बाजाराच्या दिवशी दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एकजण म्हणतो, "सरकारच्या मनात आलं तर सरकार काहीही लपवील. आपल्याला कोण सांगतो?" दुसरा म्हणतो, "छे! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं काय?"

दोघांत खरा कोण? या धड्यात आपण हाच प्रश्न घेऊ. धरण, रस्ता, कारखाना, लढाईचे हत्यार, अशी मोठी कामे सरकारला लोकांपासून लपवता येतात का? येत असतील तर किती, आणि किती दिवस? आणि त्यात आपण काय करायचे?

१. मोठ्या कामाला पाच गोष्टी लागतात

लहान गोष्ट लपते. नोट लुगड्याच्या गाठीत लपते. दाणे कणगीत लपतात. पण धरण कुठे लपवणार?

कोणतेही मोठे काम घ्या. त्याला पाच गोष्टी लागतात. पहिली जागा, दुसरी माणसे, तिसरी पैसा, चौथी सामान आणि पाचवी कागद. जागा कुणाची तरी असते. माणसांना घर असते, बायकामुले असतात, तोंड असते. पैशाचा हिशेब ठेवावा लागतो. सामान रस्त्याने जाते, ते सगळे पाहतात. आणि कागदाशिवाय तर सरकारचे पानही हलत नाही.

आपल्या लोणावळ्याचेच पाहा. घाटमाथ्यावर पाऊस फार पडतो. ते पाणी अडवावे, मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडावे आणि त्याच्या जोरावर वीज करावी, अशी योजना टाटा कंपनीने केली. १९११ साली लोणावळ्यात कामाची पायाभरणी झाली. १९१५ साली खोपोलीहून मुंबईला वीज जाऊ लागली. वळवण आणि शिरवता ही धरणे त्याच योजनेतली. एवढे दगड, एवढी माणसे, डोंगरावरून उतरणारे एवढे नळ! हे काम झाकायचे म्हटले तरी झाकता आले असते काय?

म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे खरे दिसते. मोठे काम झाकून राहत नाही. पण थांबा. पहिल्याच्या म्हणण्यातही काही तथ्य आहे. ते पुढे पाहू.

२. जगातले एक फार मोठे गुपित

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबॉम्ब तयार केला. १९४२ साली ते काम जोराने सुरू झाले. सव्वा लाखाच्या आसपास माणसे त्या कामाला लागली. टेनेसी नावाच्या प्रांतात ओक रिज हे नवे गावच वसवले. १९४५ पर्यंत त्या गावाची वस्ती ७५ हजारांवर गेली. एवढे मोठे गाव, पण ते नकाशावर दाखवत नसत. कामगार घड्याळासारख्या काट्यांवर नजर ठेवत, खटके फिरवत. आपण काय तयार करतो आहोत, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. खुद्द देशाचे उपाध्यक्ष ट्रूमन यांनाही त्याची नीट माहिती नव्हती. एप्रिल १९४५ मध्ये ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना सगळे सांगण्यात आले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि मग साऱ्या जगाला कळले.

तर मग हे गुपित टिकले म्हणायचे की नाही? नीट पाहा.

ओक रिजची जागा मोकळी नव्हती. तिथे शेतकरी राहत होते. सुमारे तीन हजार माणसांना घरेदारे सोडावी लागली. काहींना तर दोन-तीन आठवड्यांचीच मुदत मिळाली. काहीतरी मोठे येते आहे, हे त्या शेतकऱ्यांना पहिल्या दिवशीच कळले होते. काय येते आहे आणि कशासाठी, एवढेच त्यांना कळले नाही.

आणखी एक गंमत ऐका. त्या कामात क्लाऊस फुक्स नावाचा एक शास्त्रज्ञ होता. तो गुपचूप रशियाला माहिती पुरवत होता. म्हणजे ज्या परक्या राज्यापासून गुपित ठेवायचे, त्या राज्याला ते कळले. ज्यांच्या पैशाने काम चालले, त्या आपल्या लोकांना मात्र कळले नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. काम लपत नाही. कामाचे कारण लपवता येते, तेही काही काळ. आणि ज्याची जमीन जाते, त्याला पहिली खूण दिसते.

३. मुळशीला काय झाले

आता परत आपल्या मुलखात येऊ. लोणावळ्याच्या दक्षिणेला मुळशी. नीला आणि मुळा या नद्यांचे ते खोरे. तिथला आंबेमोहोर तांदूळ नावाजलेला. लोणावळ्याच्या विजेनंतर त्याच कंपनीने मुळशीलाही धरण बांधायचे ठरवले. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती. धरणाच्या पाण्याखाली पन्नासएक गावांची जमीन जाणार होती.

हे ठरले कुठे? मुंबईला, मोठ्या कचेऱ्यांत. सरकारने कंपनीसाठी जमीन घेऊन द्यायचे कबूल केले. १८९४ सालचा जमीन घेण्याचा कायदा त्यासाठी हाताशी होता. आणि मुळशीच्या शेतकऱ्याला कळले केव्हा? त्याच्या शेतात चाचणीचे चर खणायला माणसे आली तेव्हा! मालकाला विचारलेही नव्हते. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तर साहेबाने त्याला पिस्तूल दाखवले, असे सांगतात.

पाहा, धरण लपले नव्हते. पण कळायला उशीर झाला होता. आणि त्या काळच्या कायद्यात आणखी एक उणीव होती. जमीनवाल्याची हरकत ऐकून घ्यायचे कलम त्यात १९२३ साली आले. त्याआधी "जमीन का घेता?" असे विचारायची सोय त्याला नव्हती. भाव किती, एवढेच काय ते भांडायचे.

मावळे गप्प बसले नाहीत. १६ एप्रिल १९२१ हा रामनवमीचा दिवस. त्या दिवशी सुमारे बाराशे माणसे धरणाच्या जागी जाऊन बसली. काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. तेव्हापासून लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी मंडळीही त्या लढ्यात होती. कंपनीने काही महिने काम थांबवले आणि मग पुन्हा सुरू केले. पुष्कळांनी तुरुंगवास सोसला. बायाही मागे राहिल्या नाहीत. लढा १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालेच. १९२७ सालापासून मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करू लागले.

लढा मोडला त्याला कारणे पुष्कळ. त्यांतले एक आपण विसरू नये. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. शेत कसणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचे. कंपनीने कागद पाहिला. सावकाराने पैसे घेऊन सौदा केला. ज्याच्या घामाने आंबेमोहोर पिकत होता, त्याच्या संमतीवाचून त्याचे शेत पाण्याखाली गेले. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. म्हणून त्याच्यापुरता तो कागदही गुप्तच होता. उघड्यावर असून गुप्त!

४. झाकण्याच्या चार तऱ्हा

तेव्हा मंडळी, पडदा टाकून लपवणे ही झाकण्याची एकच तऱ्हा. ती क्वचित दिसते. रोज दिसतात त्या तऱ्हा निराळ्या.

पहिली तऱ्हा, उशिरा सांगणे. सगळे ठरले, ठेका दिला, मग गावाला कळवले. आता बोलून उपयोग काय?

दुसरी तऱ्हा, सांगणे पण कुणाला कळू नये असे सांगणे. कागद कचेरीच्या फळ्यावर लागतो, भाषा अशी की वकिलालाही दोनदा वाचावी लागते. गावात दवंडी नाही, ग्रामसभेत वाचन नाही. आणि मुदत निघून जाते.

तिसरी तऱ्हा, अर्धे सांगणे. वीज येईल हे सांगितले, गाव कुठे जाईल ते नाही. रस्ता होईल हे सांगितले, पलीकडच्या शेतात गाडीबैल कसे न्यायचे ते नाही.

चौथी तऱ्हा, सांगणे पण न विचारणे. पवना धरणाचे पाणी बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवड शहराला न्यायची योजना निघाली. ती गुप्त नव्हती. सगळ्यांना ठाऊक होती. पण नळासाठी जमिनी जाणार, नदीचे पाणी कमी होणार, या भीतीने मावळातले शेतकरी विरोध करत होते. आपले म्हणणे कुणी ऐकत नाही, असे त्यांना वाटत होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी ते बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जीव गेले. त्यांत एक बाई होती. त्यानंतर ते काम थांबले आणि कित्येक वर्षे थांबून राहिले.

शहरालाही पाणी लागतेच. तहान शहरवाल्यालाही आहे आणि शेतालाही आहे. पण नुसते कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. विचारले नाही तर उघड असलेले कामही लोकांना परके वाटते, आणि परकेपणातून वाईट घडते.

५. काही गुपिते योग्यही असतात

एक बाजू सांगून दुसरी सोडली तर तेही अर्धे सांगणेच होईल. म्हणून हेही बोलू. सगळेच उघड्यावर मांडायचे नसते. सैन्य किती, कुठे, कोणत्या हत्याराने, हे शत्रूला सांगून कसे चालेल?

लोणावळ्याला नौदलाचे 'शिवाजी' हे शिक्षणकेंद्र आहे. १९४५ सालापासून तिथे नौदलाची माणसे यंत्रांचे शिक्षण घेतात. फाटकावर नाव आहे. जागा कुणाची, तिथे काय चालते, हे सर्वांना ठाऊक. आत मात्र कुणालाही जाता येत नाही. यात गैर काही नाही.

राजस्थानात पोखरणला ११ आणि १३ मे १९९८ रोजी भारताने अणुचाचण्या केल्या. त्याआधी १९९५ मध्ये तयारी चालू असताना अमेरिकेच्या आकाशातल्या कॅमेऱ्यांनी ती हेरली होती आणि काम थांबले होते. म्हणून १९९८ मध्ये रात्रीची कामे केली. शास्त्रज्ञांनी लष्कराचे कपडे घातले. या वेळी गुपित टिकले. का टिकले? जागा आधीच लष्कराची होती. माणसे थोडी होती. अवधी थोडा होता. आणि चाचणी झाल्यावर सरकारने आपणहून जाहीर केले.

यावरून एक माप हाती येते. गुपित थोड्या माणसांचे, थोड्या दिवसांचे आणि देशाच्या रक्षणाचे असेल तर ते समजून घ्यावे. पण कुणाची जमीन, कुणाचे पाणी, कुणाचे घर जाणार असेल, तर तिथे 'गुपित' हा शब्द चालत नाही.

हेच माप अफवेलाही लावा. कुणी येऊन म्हणाला, "डोंगरात सरकारने पन्नास वर्षे केवढं तरी काम लपवून ठेवलंय," तर त्याला पाच गोष्टी विचारा. जागा कुठली? काम केले कुणी? पैसा कुठून आला? सामान कोणत्या वाटेने गेले? कागद कुठे आहे? एकाचेही उत्तर नसेल तर ऐकून सोडून द्या. चार खुंट्या ठोकलेल्या दिसल्या की लगेच "गाव उठणार" अशी हाकाटी करू नये. तसेच डोळेही मिटू नयेत. जाऊन विचारावे.

६. आज आपल्या हाती काय आहे

मुळशीच्या शेतकऱ्याच्या हाती जे नव्हते, ते आज आपल्या हाती आहे. ते कसे आले तेही ऐका. राजस्थानातल्या खेड्यांत दुष्काळी कामावरच्या मजुरांना पुरी मजुरी मिळत नसे. "हजेरीपट दाखवा," असे ते म्हणू लागले. "सरकारी कागद आहे, गुप्त आहे," असे उत्तर मिळे. १९९४ पासून त्यांनी गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट वाचले, तर त्यांत मेलेल्यांची नावे निघाली! महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांनी माहितीच्या कायद्यासाठी उपोषणे केली. आपल्या राज्यात २००२ साली असा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात माहितीचा अधिकार लागू झाला.

हा अधिकार वापरायचा कसा?

साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहावा. ज्या कचेरीत कागद असेल, तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने लिहावा. एका अर्जात एकच विषय, आणि तो दीडशे शब्दांत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही; त्याने दाखला जोडावा. माहिती का हवी, हे सांगावे लागत नाही. अर्जाची पोच घ्यावी आणि जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही किंवा अपुरे आले, तर त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करावे. तिथेही काम झाले नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जावे. देशाच्या संरक्षणाची आणि आणखी काही तऱ्हेची माहिती नाकारता येते. पण ती उघड करण्यात लोकांचे हित मोठे असेल, तर तीही द्यावी, असे कायदाच सांगतो.

जमिनीचा कायदाही बदलला. १८९४ चा जुना कायदा गेला. २०१३ साली नवा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जमीन घ्यायची तर सूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत द्यावी लागते. ती लोकांच्या भाषेत असावी आणि ग्रामसभेला समजावून सांगावी, असे त्यात आहे. हरकत घ्यायला साठ दिवस मिळतात. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर शंभरातल्या ऐंशी कुटुंबांची संमती लागते. पण सगळ्याच कामांना हे सगळे नियम नाहीत. काही कामांना सूट आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी निराळा कायदा आहे आणि तिथे हरकतीला एकवीसच दिवस आहेत. म्हणून सूचना हाती आली की पहिली पाहायची ती तारीख, आणि दुसरा पाहायचा तो कायदा.

७. तर मग दोघांत खरा कोण?

चावडीवरच्या दोघांचे बोलणे आता जोडून पाहू. मोठे काम कायमचे लपवता येत नाही, हे खरे. पण आपल्याला ते वेळेवर कळेलच, असे नाही. काम उघडे पडते ते आपोआप. वेळेवर कळते ते विचारल्याने. धरणाची भिंत उभी राहिली की आंधळ्यालाही कळते. ती कागदावर असतानाच कळली, तर आपले चार शब्द तिच्यात घालता येतात. जागा बदला म्हणता येते. भाव ठरवता येतो. आधी पुनर्वसन करा, मग पाणी अडवा, असे सांगता येते.

कागदावरची भिंत पाहायला अक्षरे लागतात. ती आता आपल्याला आली आहेत. ती नुसती सही करण्यापुरती ठेवू नका. सही करण्याआधी वाचा. शेजाऱ्याला वाचून दाखवा. ज्या गावात दहा माणसे फळ्यावरचा कागद वाचतात, त्या गावापासून काही झाकून ठेवणे फार कठीण जाते.

शब्दांचे अर्थ

राजपत्र – सरकारी हुकूम आणि सूचना छापणारे सरकारचे पत्र.
हरकत – "हे आम्हांला मान्य नाही" असे कारणासह लिहून देणे.
हजेरीपट – कामावर कोण, किती दिवस होते याची यादी.
अपील – एकाचा निकाल पटला नाही तर त्याच्या वरच्याकडे दाद मागणे.
पुनर्वसन – उठवलेल्या माणसांना दुसरीकडे नीट वसवणे.

प्रश्न

१. मोठ्या कामाला लागणाऱ्या पाच गोष्टी कोणत्या?
२. मुळशीच्या शेतकऱ्यांना धरणाची बातमी कशी कळली?
३. शेत कसणाऱ्याचे नाव कागदावर नसल्याने काय झाले?
४. झाकण्याच्या चार तऱ्हा सांगा. त्यांतली कोणती तुम्ही आपल्या गावात पाहिली आहे?
५. कोणते गुपित योग्य आणि कोणते अयोग्य, हे कसे ओळखाल?

करून पाहा

१. आपल्या शेताचा सातबारा काढून आणा. त्यावरची सगळी नावे मोठ्याने वाचा. कसणाऱ्याचे नाव आहे का ते पाहा.
२. या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेला एक कागद वाचा. त्यावरची तारीख आणि मुदत वहीत लिहा.
३. चौघे मिळून माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लिहा. विषय घ्या: आपल्या गावच्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला?